कवळाण्याच्या शेतकऱ्याचा पोरगा आणि पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती : महाराज सयाजीराव गायकवाड यांची जीवनकथा

परभणी : दहावी-बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांत एकच धावपळ सुरू होते. कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारतं, कुणी जातीच्या प्रमाणपत्रासाठी, कुणी महाडीबीटीचा फॉर्म भरायला सेतू केंद्रावर रांगेत उभं असतं. शिष्यवृत्ती मिळाली तर पोरगं शिकणार, नाही मिळाली तर शेतात नाहीतर पुण्याला कंपनीत. ही गोष्ट आजची वाटते, पण शिकण्याची ऐपत नसलेल्या हुशार पोराला कुणीतरी हात द्यायचा, ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ती ज्यांनी मोठी केली त्यांत एक नाव ठळक आहे, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. हा राजा राजवाड्यात जन्मला नव्हता, एका शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता.

बारा वर्षांपर्यंत पाटी नाही

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथं काशीराव गायकवाड यांच्या घरी मार्च १८६३ मध्ये एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं गोपाळ. घर शेतीवर चालणारं. बडोद्याच्या राजघराण्याशी लांबचं नातं होतं, पण नात्यानं चूल पेटत नाही. गोपाळ रानात राबायचा, गुरांमागं फिरायचा. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

तिकडं बडोद्यात १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना गादीसाठी मुलगा दत्तक घ्यायचा होता. गायकवाडांच्या शाखांमधली मुलं पाहिली जाऊ लागली. कवळाण्याहून गोपाळ आणि त्याचे भाऊबंदही गेले. प्रत्येकाला विचारण्यात आलं, की इथं कशासाठी आलास. बाकीची पोरं गडबडली. गोपाळनं मात्र न लाजता सांगितलं, की तो राज्य करायला आला आहे. ही आठवण बडोद्यात आणि कवळाण्यात आजही सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

मग सुरू झालं शिक्षण. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. कारभार दिवाण सर टी. माधवराव सांभाळत होते. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, गणित, इतिहास, सगळं एकदम. ज्या वयात दुसरी मुलं पुस्तकं वाचून मोकळी झालेली असतात, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरं गिरवत होता. सहा वर्षं त्यानं घासून अभ्यास केला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचा पूर्ण अधिकार हातात आला, तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते.

उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत जास्त कळते. सयाजीरावांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात हेच दिसतं.

आधी शाळा, मग शिष्यवृत्ती

गादीवर बसल्यावर सयाजीरावांनी काय केलं, याची यादी मोठी आहे. अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठी त्यांनी १८८० च्या दशकातच शाळा आणि वसतिगृहं काढली. १८९० मध्ये हाताच्या कारागिरीचं आणि तंत्राचं शिक्षण देणारं कलाभवन सुरू झालं. पुढं पहिला भारतीय चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं. ते जमतंय असं दिसल्यावर १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड होता. त्यात मुलींनाही सूट नव्हती.

१९१० मध्ये महाराजांनी बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ अमेरिकेहून बोलावले. त्यानंतर बडोद्याच्या खेड्यापाड्यांत वाचनालयं निघाली. जिथं वाचनालय नव्हतं तिथं पेट्यांत भरून पुस्तकं पाठवली जायची. आपल्याकडं गावोगावी ज्या बँकेच्या शाखा दिसतात, ती बँक ऑफ बडोदाही त्यांच्याच काळात, १९०८ साली निघाली.

पण प्राथमिक शाळा काढून प्रश्न संपत नाही, हे महाराजांना ठाऊक होतं. गावातलं पोरगं चौथी-सातवी होतं, मॅट्रिक होतं आणि तिथंच थांबतं. कॉलेज शहरात, फी वेगळी, खोलीभाडं वेगळं, खाणं वेगळं. म्हणून हुशार विद्यार्थ्यांना दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यातल्या निवडक मुलांना परदेशी पाठवायचं, असं धोरण त्यांनी ठेवलं. बहुतेक वेळा एक अटही असायची. शिकून आल्यावर काही वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. तिजोरीतला पैसा शेवटी शेतसाऱ्याचाच होता. तो ज्या रयतेकडून आला, तिच्या कामी परत यावा, असा त्यामागचा हिशेब होता.

ही मदत फक्त बडोद्याच्या प्रजेपुरती राहिली नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे जमखंडीचे, त्यांच्या शिक्षणालाही सयाजीरावांचा आधार मिळाला. पण ज्या एका विद्यार्थ्यामुळं ही शिष्यवृत्ती देशाच्या इतिहासात गेली, तो मुंबईत परळच्या चाळीत राहत होता.

केळुसकर गुरुजींनी धरलेला हात

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातलं. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. पेन्शनवर घर चालायचं. इंटरपर्यंत त्यांनी कसंबसं रेटलं, पण पुढं हात टेकले. एवढा शिकलेला मुलगा बी.ए. न होताच घरी बसणार, अशी वेळ आली.

इथं एक माणूस आडवा आला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. ते पेशानं शिक्षक आणि लेखक होते. भीमरावाला बागेत वाचत बसलेलं त्यांनी पाहिलं होतं, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. केळुसकर गुरुजींकडं देण्यासारखा पैसा नव्हता, पण पैसा कुणाकडं आहे आणि तो कुणाला द्यायला हवा, हे त्यांना नेमकं माहीत होतं. ते भीमरावाला घेऊन सयाजीराव महाराजांकडं गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीत रुजू झाले आणि लगेच वडिलांच्या आजारपणामुळं परत यावं लागलं. २ फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. करार झाला, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये पुढच्या अभ्यासासाठी लंडनला गेले.

पैसा पोचला, जागा नाही मिळाली

यापुढची गोष्ट शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धाच झाला होता. तो तसाच सोडून परत यावं लागलं. कराराप्रमाणं आंबेडकर बडोद्याला हजर झाले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिवाची जागा दिली. शिक्षण मोठं, पद मोठं, पण बडोदा शहरात राहायला कुणी खोली देईना. जात आडवी येत होती. शेवटी एका पारशी वसतिगृहात त्यांनी पारशी नाव सांगून खोली घेतली. ते उघडकीला आलं आणि काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. कचेरीतही वागणूक तीच. महाराजांपर्यंत तक्रार गेली, महाराजांनी दिवाणाकडं पाठवलं आणि दिवाणाकडून काही झालं नाही. आंबेडकरांनी बडोदा सोडलं. दहा वर्षांची नोकरी काही महिन्यांतच संपली.

ज्या राजानं अमेरिकेपर्यंत पैसा पोचवला, त्याला स्वतःच्या राजधानीत त्याच विद्यार्थ्याला एक खोली देववता आली नाही. सयाजीरावांच्या मोठेपणाबरोबर हेही सांगायलाच हवं. राजाचा हुकूम तिजोरीवर चालला, शहराच्या मनावर चालला नाही.

लंडनचा अर्धा अभ्यास आंबेडकरांनी पुढं १९२० मध्ये पुन्हा सुरू केला. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, असं जमवून ते गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, बॅरिस्टरही झाले.

त्या पंचवीस रुपयांचं पुढं काय झालं

दहा वर्षांची नोकरी बडोद्याला मिळाली नाही, पण शिष्यवृत्ती वाया गेली असं कुणी म्हणणार नाही. आंबेडकरांनी तिचा धडा घेतला आणि चूकही ओळखली. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि तिनं हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह होतं. आधी राहायची सोय, मग बाकीचं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. महाडीबीटीवर आज जी भारत सरकार शिष्यवृत्ती दिसते, तिचं मूळ इथं आहे. आता ती एखाद्या राजाच्या मर्जीवर राहिली नाही, विद्यार्थ्याचा हक्क झाली.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९५० मध्ये या संस्थेनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ मध्ये. त्याच्या आठ वर्षं आधी नागसेनवनात कॉलेज उभं राहिलं आणि सोबत वसतिगृहंही झाली. मराठवाड्याच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन निघालेल्या पोरांना तिथं वर्गही मिळाला आणि झोपायला जागाही. बडोद्यात जी खोली मिळाली नव्हती, ती अशी हजारो पोरांना मिळाली.

म्हातारपण आणि शेवट

सयाजीरावांचं घरचं आयुष्य सुखाचं नव्हतं. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये लवकर गेल्या. दुसऱ्या पत्नी, त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं, स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटल्या. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या. पण महाराजांना तीन तरुण मुलांचे मृत्यू पाहावे लागले. थोरले फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये गेले. वारस म्हणून नातू प्रतापसिंहराव उरले.

एवढं दुःख पचवूनही देणं थांबलं नाही. बनारस हिंदू विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. बडोद्याला विद्यापीठ व्हावं ही त्यांची इच्छा १९४९ मध्ये पूर्ण झाली. त्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

परभणीसाठी यात काय आहे

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. जिल्ह्यातली बाकीची बहुतेक कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. कॉलेज आता जवळ आलं आहे. तरी गंगाखेड, पालम, जिंतूरच्या तांड्यावरच्या किंवा पाथरी, सोनपेठच्या वाडीवरच्या मुलीचं शिक्षण आजही खोलीभाडं, मेस आणि बसच्या पासवर अडतं. सरकारी शिष्यवृत्ती खात्यावर येते, पण कधी कधी वर्ष संपत आल्यावर येते. मधले महिने काढायचे कसे, हा घराघरातला प्रश्न आहे.

गावानं करायचं काम इथंच आहे. सयाजीरावांसारखी तिजोरी कुणाकडं नाही, पण लग्नात, वाढदिवसाच्या फलकांवर, डीजेवर होणारा खर्च पाहिला तर एका मुलीचं वर्षाचं मेसचं बिल कुठल्याही गावाला जड नाही. नोकरीला लागलेल्या चार जणांनी मिळून दरमहा थोडे थोडे काढले, तरी एक पोरगं शिकतं. देताना मात्र मुदत अभ्यासाच्या शेवटापर्यंतची असावी, नाहीतर अर्ध्यात लंडन सोडायची वेळ येते. आणि पैशाबरोबर राहायच्या जागेचाही विचार व्हावा.

ज्याच्याकडं पैसाच नाही, त्यानं केळुसकर गुरुजींचं काम करावं. आपल्या गल्लीतलं, आपल्या वर्गातलं कोणतं पोरगं फीसाठी थांबलंय ते पाहावं, त्याचा फॉर्म वेळेत भरून द्यावा, त्याला धरून योग्य माणसापर्यंत न्यावं. १९१२ च्या त्या पदवीत महाराजांचे पंचवीस रुपये जेवढे होते, तेवढेच गुरुजींचे पायही होते.