डॉ. अलेक्झांडर केलस

एव्हरेस्टचें नांव लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु सिक्कीम व तिबेट यांच्या सीमेवरील पाउहुन्रीचें नांव आपणांपैकीं किती जणांनीं ऐकिलें असेल? त्या शिखरावर प्रथम पाऊल ठेवणारे गृहस्थ पेशानें अध्यापक होते.

अलेक्झांडर केलस यांचा जन्म १८६८ सालीं स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीन येथें झाला. लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळाच्या वैद्यकीय विद्यालयांत ते रसायनशास्त्र शिकवीत. १९०७ सालीं ते सिक्कीमच्या डोंगरांत आले. सोबत युरोपांतील वाटाडे होते, तरी सिमव्हू शिखरानें त्यांस तीन वेळां परत फिरविलें. पुढें त्यांनीं शेर्पा लोकांसच सोबती केलें. इतर साहेब ज्यांस केवळ ओझेंवाले समजत, त्यांत केलस यांस गिर्यारोहक दिसले. मला त्यांच्या चरित्रांत हेंच मोठें वाटतें.

आधीं खिंडी व हिमनद्या पाहाव्या, मग शिखरास हात घालावा, अशी त्यांची रीत. १९१० सालीं चोमिओमो, १९११ सालीं पाउहुन्री, १९१२ सालीं कांगचेंगयाओ त्यांनीं सर केलें. पाउहुन्रीची उंची ७,१२८ मीटर, म्हणजे १९०७ सालीं सर झालेल्या त्रिशूळाहून आठ मीटर अधिक. परंतु तत्कालीन मोजणींत तें ठेंगणें भरलें होतें. मनुष्यानें तोंवर गांठलेला सर्वांत उंच माथा आपल्या पायांखालीं होता, हें केलस यांस कधींच कळलें नाहीं.

१९२१ सालीं एव्हरेस्टची वाट शोधण्यास निघालेल्या पहिल्या तुकडींत ते होते. तिबेटांत आमांशानें ते इतके खंगले कीं, त्यांस डोलींतून न्यावें लागलें. ५ जून रोजीं कांपा झोंगजवळ त्यांचा प्राण गेला. तेथेंच एका टेकडीच्या उतारावर त्यांस पुरलें; तेथून दक्षिणेस तीं तिन्ही शिखरें दिसतात.