डॉ. द्वारकानाथ कोटणीस

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. मुंबईस वैद्यकीय शिक्षण घेऊन ते नुकतेच डॉक्टर झाले होते. त्या वेळी चीन जपानच्या आक्रमणाने होरपळत होता. त्याच्या साहाय्यार्थ १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात कोटणीस होते. चीनमध्ये पोहोचून थोडे दिवस होतात तोच वडील वारल्याची वार्ता आली. परतण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकणे त्यांना रुचले नाही.

पुढे ते उत्तरेकडील डोंगराळ रणभागात गेले. तेथे रुग्णालय कसले? खेड्यातील एखादे घर! औषधांचा तर सदैव तुटवडा. १९४० च्या एका लढाईत ते सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की तीतूनच ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. सोबतचे डॉक्टर एकेक करून मायदेशी परतले, कोटणीस राहिले. १९४१ मध्ये ते तेथील बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुत्राचे नाव ठेविले यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

अपस्माराचे झटके वारंवार येत, तरी काम थांबले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. यिनह्वा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.