पराभूत जपानचा परका नायक

१९ फेब्रुवारी १९५४ ची संध्याकाळ. टोकियोतील शिंबाशी स्थानकाबाहेरच्या चौकात हजारो माणसे थंडीत ताटकळत उभी होती. साऱ्यांच्या नजरा उंचावर बसविलेल्या एका दूरचित्रवाणी संचावर खिळल्या होत्या. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि घरी संच घेण्याची ऐपत फारच थोड्यांची होती. म्हणून निप्पॉन टेलिव्हिजन या खासगी वाहिनीने गर्दीच्या चौकांत आपले संच लावले होते. त्या दिवशी पडद्यावर कुरामाए येथील सभागृहातील कुस्ती दिसत होती. एका बाजूला बेन आणि माइक हे अमेरिकेहून आलेले धिप्पाड, गोरे शार्प बंधू. दुसऱ्या बाजूला नामवंत ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि काळी लांब विजार घातलेला रिकिदोझान. रिकिदोझानच्या उघड्या पंजाचा फटका छातीवर बसला की गोरा मल्ल मागे कोलमडत असे आणि चौकात एकच जल्लोष होई. ती लढत अखेर बरोबरीत सुटली, परंतु निकालाची फिकीर कोणालाच नव्हती. महायुद्धातील शरणागतीला नऊ वर्षेही झाली नव्हती. अमेरिकेचा लष्करी अंमल उठून दोनही वर्षे पुरी झाली नव्हती. गोऱ्या माणसाला जपानी माणसाच्या हातून मार खाताना पाहणे, एवढेच त्या गर्दीला हवे होते.

ज्याला ही गर्दी आपला जपानी वीर समजत होती, तो जन्माने जपानी नव्हता. ही गोष्ट त्या चौकातील जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती.

रिकिदोझानचे मूळ नाव किम सिन-राक. १९२४ मध्ये कोरियाच्या दक्षिण हामग्योंग प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर कोरियात, त्याचा जन्म झाला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. गावच्या कुस्त्यांत चमकलेला हा पोरगा एका जपानी सुमोशौकिनाच्या नजरेत भरला आणि टोकियोतील निशोनोसेकी तालमीत दाखल झाला. १९४० मध्ये तो प्रथम सुमोच्या आखाड्यात उतरला. सुमोचे जग परंपरेचे कडवे. तेथे कोरियन पोराला मान मिळणे अवघड होते. तरीही १९४९ पर्यंत तो सेकिवाके या पदापर्यंत पोहोचला. त्याच्या वर फक्त दोनच पदे होती.

मात्र १९५० च्या सप्टेंबरमध्ये त्याने अचानक आपली शेंडी स्वतःच्या हाताने कापली. सुमो मल्लाने शेंडी उतरवणे म्हणजे त्या जगाशी कायमचा काडीमोड घेणे. आजारपण, तालमीच्या मालकाशी पैशांवरून झालेला वाद, कोरियन असल्यामुळे वर जाण्याची वाट बंद झाल्याची भावना, अशी अनेक कारणे सांगितली गेली. बहुधा ती सारीच थोडीबहुत खरी असावीत. पुढे काही काळ तो शिन्साकु नित्ता या कंत्राटदाराच्या बांधकाम कंपनीत राबला. याच सुमारास कागदोपत्री तो मित्सुहिरो मोमोता झाला. नागासाकी प्रांतातील ओमुरा गाव त्याचे जन्मगाव ठरले आणि किम सिन-राक हे नाव दडपले गेले.

१९५१ मध्ये अमेरिकी व्यावसायिक मल्लांचा एक ताफा जपानमध्ये आला. त्यातील बॉबी ब्रन्सशी रिकिदोझान दहा मिनिटे झुंजला आणि दमछाक होऊनही बरोबरीत सुटला. या खेळात पैसा आणि भविष्य दोन्ही आहे, हे त्याने तेव्हाच ताडले. १९५२ मध्ये तो हवाईला गेला, तेथे ओकी शिकिना या उस्तादाकडे शिकला, मग सॅन फ्रान्सिस्कोत कुस्त्या केल्या. या मुशाफिरीत तो डावपेचांबरोबरच धंदाही शिकला. प्रतिस्पर्धी कोण आणावा, लोकांचा राग कोणत्या क्षणी भडकू द्यावा, तिकिटे कशी खपवावीत, हे सारे त्याने जवळून पाहिले. परतल्यावर १९५३ मध्ये नित्ता आणि इतर धनिकांच्या पाठबळावर त्याने जपान प्रो रेसलिंग ही संस्था उभी केली. शार्प बंधूंना आणणारी संस्था तीच.

या कुस्तीचे रहस्य मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नुरा कुस्ती हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना मुंबईकरांनी केलेली गर्दी हा त्याच जातीचा प्रकार होता. हाच अवाढव्य किंगकाँग १९५५ मध्ये टोकियोत रिकिदोझानसमोर उभा राहिला आणि त्याला हरवून रिकिदोझान आशियाई विजेता ठरला. फरक एवढाच, की जपानी प्रेक्षकाने हा खेळ करमणूक म्हणून न पाहता जखमेवरचे औषध म्हणून पाहिला.

त्या औषधाचा हक्क मात्र रिकिदोझानला कोणाशीही वाटून घ्यायचा नव्हता. शार्प बंधूंविरुद्धच्या लढतींत मार खाण्याचे काम बहुतेक वेळा किमुराच्या वाट्याला येई आणि सुटकेचे काम रिकिदोझानच्या. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर एलिओ ग्रेसीला नमविणाऱ्या किमुराला हे सहन झाले नाही. त्याने वृत्तपत्रांतून खऱ्या कुस्तीचे आव्हान दिले. २२ डिसेंबर १९५४ रोजी दोघे समोरासमोर आले. लढत बरोबरीत सोडवायचे आधीच ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. पण मध्येच रिकिदोझान खवळला आणि किमुरावर फटक्यांचा व लाथांचा भडिमार करून त्याने त्याला रक्तबंबाळ केले. सोळा मिनिटांच्या आत सारे संपले. एक कमरेखालचा फटका आपल्याला बसल्याने हे घडले, असा रिकिदोझानचा बचाव होता. तो मानला, तरी ज्या कुस्तीत दोघांचा विश्वास हाच पाया असतो तिच्यात हा विश्वासघातच होता. किमुराचा लौकिक त्या रात्री गेला तो पुरता कधीच परतला नाही. मोठ्या दैनिकांनीही यानंतर हळूहळू या खेळाकडे पाठ फिरवली. लोकांनी ती फिरवली नाही.

ऑक्टोबर १९५७ मध्ये जगज्जेता लू थेस टोकियोत आला आणि कोराकुएन बेसबॉल मैदानावर दोघे एक तास झुंजून बरोबरीत राहिले. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये थेसला हरवून रिकिदोझानने आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९५८ पासून शुक्रवारी रात्री आठची वेळ कुस्तीची ठरली. एका आठवड्यात कुस्ती, तर दुसऱ्यात डिस्नेलँडचा कार्यक्रम. प्रायोजक मित्सुबिशी. दोन लढतींच्या मध्ये आखाड्यात मित्सुबिशीचा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला जाई आणि नव्याने पैसा हाती येऊ लागलेला मध्यमवर्ग तो यंत्रसुद्धा कौतुकाने पाही. १९६२ मध्ये फ्रेडी ब्लासी याच्या रक्तबंबाळ लढती पाहताना काही वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या छापून आल्या. २४ मे १९६३ ची डिस्ट्रॉयर या मुखवटाधारी मल्लाशी झालेली लढत ६४ टक्के घरांत पाहिली गेली. जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत तिची गणना होते.

पैसा आला तसा त्याचा व्यापही वाढला. शिबुयात रिकी स्पोर्ट्स पॅलेस, आकासाकात सदनिकांची इमारत, शिवाय रात्रीचे क्लब. त्याचबरोबर संगतही तशीच जमली. पश्चिम जपानातील कुस्त्यांची व्यवस्था यामागुची-गुमी टोळीचा म्होरक्या काझुओ ताओका याच्या करमणूक कंपनीकडे असे. शिष्यांशी रिकिदोझान अत्यंत क्रूरपणे वागे. ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी त्याने दोन तरुणांना प्रथम आखाड्यात उतरवले. एक बेसबॉल सोडून आलेला उंचाडा शोहेई बाबा, दुसरा ब्राझीलमध्ये स्थलांतरित झालेल्या कुटुंबातून त्याने स्वतः हेरून आणलेला अँटोनियो इनोकी. पुढे मार खाण्यात इनोकीचाच वाटा मोठा राहिला. तिसरा शिष्य किम इल हा चोरून समुद्र ओलांडून जपानमध्ये आलेला कोरियन. त्याला पकडल्यावर सोडवून आणण्यासाठी रिकिदोझानने आपले वजन खर्च केले आणि मग त्याचेही जपानी नाव ठेवले, किंतारो ओकी. स्वतः ज्या वाटेने गेला तीच वाट त्याने या पोराला दाखवली.

जानेवारी १९६३ मध्ये रिकिदोझान दक्षिण कोरियात गेला. सोलमध्ये त्याचे जंगी स्वागत झाले. पानमुनजोमच्या सीमेवर जाऊन त्याने उत्तरेकडे पाहिले; आपल्या गावाच्या सर्वांत जवळ तो त्यानंतर कधी पोहोचला नाही. या दौऱ्याचा जपानमध्ये फारसा गाजावाजा होऊ नये याची काळजी घेतली गेली. त्याच जूनमध्ये त्याने थाटामाटात लग्न केले.

८ डिसेंबर १९६३ च्या रात्री आकासाकातील न्यू लॅटिन क्वार्टर या क्लबमध्ये एका टोळीतील तरुणाशी त्याची बाचाबाची झाली. कारण क्षुल्लक, पाय तुडवला की नाही, एवढेच. त्यातून हाणामारी झाली आणि त्या तरुणाने त्याच्या पोटात चाकू खुपसला. प्रारंभी जखम फार गंभीर वाटली नाही. शस्त्रक्रिया झाली, पण पोटात संसर्ग पसरला. १५ डिसेंबरला दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे निधन झाले. वय अवघे ३९ वर्षे.

त्याने उभारलेली संस्था त्याच्यानंतर दहा वर्षेही टिकली नाही. बाबा आणि इनोकी यांनी ती काही काळ तोलून धरली. परंतु कारभाऱ्यांच्या पैशांच्या व्यवहारांवरून वाद पेटले. इनोकीची हकालपट्टी झाली आणि १९७२ मध्ये त्याने न्यू जपान ही संस्था काढली. त्याच वर्षी बाबा बाहेर पडला आणि त्याने ऑल जपान स्थापली. निप्पॉन टेलिव्हिजन बाबाच्या मागे गेले. एप्रिल १९७३ मध्ये जपान प्रो रेसलिंगचा शेवटचा कार्यक्रम झाला.

रिकिदोझानच्या जन्माचे सत्य जपानी वाचकांसमोर उघडपणे आले ते त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. उत्तर कोरियाने त्याला आपला राष्ट्रपुरुष करून टाकले. तेथे त्याच्यावर पुस्तक निघाले, त्याच्या नावाचे मद्यही निघाले. एप्रिल १९९५ मध्ये इनोकी प्योंगयांगला गेला आणि मे डे स्टेडियमवर त्याने दोन दिवस कुस्त्या भरवल्या. गुरूची मायभूमी, एवढी ओळख त्याला तेथे पुरली. गर्दी लाखाहून अधिक होती.