डोळे गेले, आकडेमोड थांबली नाही

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १७०७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे झाला. विसाव्या वर्षी ते रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले. तिशीच्या सुमारास तीव्र तापाच्या दुखण्यानंतर त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशांच्या बारीक कामामुळे डोळा गेला, अशी त्यांची समजूत होती. बारीक कामाने डोळे थकतात, दृष्टी जात नाही. संसर्ग हेच कारण अधिक संभवते.

पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले, तोवर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागला होता. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काही दिवस त्यांना स्पष्ट दिसले. मग डोळ्यात संसर्ग झाला, असह्य वेदना झाल्या आणि दृष्टी कायमची गेली. संसर्गामागे जंतू असतात, हे वैद्यकाला ठाऊक नसण्याचा तो काळ. निर्जंतुक हत्यारे नव्हती आणि प्रतिजैविकेही नव्हती.

याच काळात ऑयलर यांनी एका मोठ्या संख्येचा निकाल लावला. २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे का, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही का, हा प्रश्न होता. अशा संख्या फसव्या असतात. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यास २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ निघतात.

साध्या पद्धतीने पाहायचे तर ४६,३४० पर्यंतच्या चार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ऑयलर यांनी दाखवले की, या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. त्यामुळे तपासण्याजोग्या संख्या फार तर ३७२ उरल्या. एकीनेही पूर्ण भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली. हा निष्कर्ष त्यांनी १७७२ मध्ये आपल्या गुरूंचे नातू योहान बर्नुली यांना पत्राने कळवला. पुढे कित्येक दशके ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. आज ३२ बिटांच्या संगणकीय मोजणीत, ऋण संख्यांनाही जागा ठेवल्यास, मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच आहे.

स्मरणशक्ती आणि लिहून घेणारे मुलगे व सहकारी यांच्या बळावर ऑयलर यांनी आपले जवळपास निम्मे लेखन अखेरच्या सतरा वर्षांत केले. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेवर दुपारी चर्चा केल्यानंतर, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज अत्यंत सुरक्षित आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा आलेली दृष्टी पुन्हा अंधूक झाली, तर घरी थेंब घालत थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ऑयलर यांना न मिळालेले उपचार आज उपलब्ध आहेत, पण त्यांचा उपयोग वेळेत पोहोचणाऱ्यालाच होतो.