चाळिशीत सापडलेला व्यवसाय

नाशिक : भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सर्वपरिचित आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वीची त्यांची पंचवीस वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत. उत्तम शिक्षण घेतलेला, हाती चार कला असलेला हा माणूस चाळिशी ओलांडेपर्यंत स्थिर व्यवसायाच्या शोधात होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. वडिलांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाली, कुटुंब तेथे गेले आणि १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही संस्था हाताला उद्योग देण्यासाठीच होती. शिकलेल्या मुलाने कारकुनी किंवा मास्तरकी करावी, असा तो काळ. येथे ते छायाचित्रण शिकले. छपाईचे रंगीत ठसे बनविण्याची विद्या आत्मसात करण्यासाठी गज्जर यांनी त्यांना रतलामला धाडले.

कला शिकविणारी शाळा होती. त्या कलेला गिऱ्हाईक मात्र नव्हते. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यात पुन्हा प्रयत्न केला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीने लोक फिरकेनात. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून झाले, जादूचे प्रयोगही झाले.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी सुटू नये म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्यांची संख्या तेव्हाही कमी नव्हती. फाळके यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती स्वतःहून सोडली, लोणावळ्यात छापखाना काढला, नंतर तो दादरला हलविला. छपाईचे नवे तंत्र व यंत्रसामग्री आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. धंदा भरभराटीला येत असतानाच भागीदारांशी बिनसले आणि ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांचा मार्ग ठरला. छायाचित्रण, रंगकाम, यंत्राची जाण, जादू : पूर्वी अर्धवट सुटलेले प्रत्येक काम येथे उपयोगी पडले. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मवर छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम शिकून घेतले, शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

नोकरीसाठी वणवण केलेला हा माणूस आता इतरांना काम देऊ लागला, पण ते काम प्रतिष्ठेचे नव्हते. सिनेमात आहोत असे सांगण्याची लाज वाटणाऱ्यांना ते हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगायला शिकवीत. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील उपाहारगृहात दहा रुपयांवर राबणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर आले. याच साळुंके यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि पुढे ते कॅमेराही चालवू लागले. त्या कामाची शाळा अजून कोठेच नव्हती. फाळके यांचा कारखाना हीच शाळा.

१९१३ मध्येच त्यांनी हा कारखाना नाशिकला हलविला. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांच्या साथीने हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा आला, तसे मतभेदही आले. फाळके काही काळ बाहेर पडले, परतले. मग बोलपट आला आणि मूकपटांच्या या उस्तादाचे कौशल्य कालबाह्य ठरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. त्यानंतर काम मिळाले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.