तुफालखान : वऱ्हाडचा औट घटकेचा राजा

वाचकहो, विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर आपण अकोटजवळचा नरनाळा किंवा चिखलदऱ्याचा गाविलगड पाहिला असेल. महाकाली दरवाजावरील कोरीव काम पाहून मन थक्क होते. परंतु याच किल्ल्यांत वऱ्हाडचे स्वतंत्र राज्य कसे बुडाले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

सन १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क याने इमादशाहीची स्थापना केली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही राजधानी. विजयनगरच्या मुलखातून लहानपणी कैदी म्हणून आलेला हा मुलगा केवळ कर्तृत्वाने राजा झाला. पुढे १५६२ मध्ये दर्या इमादशाह वारला आणि त्याचा अल्पवयीन पुत्र बुऱ्हान गादीवर आला. कारभार साहजिकच सेनानी तुफालखानाच्या हाती गेला.

तुफालखान शूर होता, मुत्सद्दीही होता. अहमदनगर व विजापूरच्या फौजा एकत्र चालून आल्या तेव्हा त्याने अली आदिलशाहाला द्रव्य देऊन माघारी फिरविले. परंतु सत्तेपुढे त्याची नियत फिरली. ज्या बालराजाची अमानत सांभाळायची, त्यालाच त्याने नरनाळ्यावर कैदेत टाकले व स्वतः मालक बनला.

शेजाऱ्यास निमित्त हवेच होते. बुऱ्हानची सुटका करा, असे बजावून अहमदनगरचा मूर्तजा निजामशाह वऱ्हाडात शिरला. तुफालखानाने अकबर बादशहाकडे मदत मागितली, पण ती वेळेवर आली नाही. बाप नरनाळ्यात व मुलगा शमशेरुल्मुल्क गाविलगडावर अडकला. नरनाळा बळाने पडेना, तेव्हा निजामशाही वजीर चंगेझखानाने आतील माणसे पैशाने फोडली. ज्या हत्याराने तुफालखानाने एकदा राज्य राखले होते, तेच आता त्याच्यावर उलटले. १५७४ मध्ये किल्ला पडला. पळालेला तुफालखान पकडला गेला व गाविलगडही शरण आला.

बुऱ्हानला गादी मिळाली काय? नाही. कैदी आणि कैद करणारा, दोघांनाही निजामशाही मुलखातील एकाच किल्ल्यात डांबण्यात आले व दोघेही तेथेच मेले. वऱ्हाड अहमदनगरास जोडला गेला आणि १५९६ मध्ये चांदबिबीला तो मोगलांच्या स्वाधीन करावा लागला.

वाचकहो, पुढील सहलीत नरनाळ्याची तटबंदी मुलांना अवश्य दाखवा. मात्र हेही सांगा की हा तट तोफांपुढे नव्हे, आतल्या माणसांच्या बेइमानीपुढे हरला. आणि त्या बेइमानीचा पहिला धडा खुद्द किल्ल्याच्या धन्यानेच घालून दिला होता.