हकीम अजमल खाँ आणि सर्पगंधेची मुळी



आपल्या वाशिम जिल्ह्यात आजही वडीलधारी माणसे खोकल्याला अडुळसा सांगतात. अशा औषधांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, की जुनाट म्हणून ती टाकून द्यावीत? याहून निराळी, तिसरी वाट दाखविणाऱ्या हकीम अजमल खाँ साहेबांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

हकीम साहेबांचा जन्म १८६८ साली दिल्लीच्या शरीफखानी घराण्यात झाला. हकिमी पिढीजात होती. बालपणीच त्यांनी कुरआन शरीफ मुखोद्गत केले. पुढे १८९२ साली ते रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. घराण्याच्या नावावर सारे आयुष्य सुखात गेले असते. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. थोरल्या बंधूंनी सुरू केलेला तिब्बिया मदरसा त्यांनी वाढविला. १९०९ साली स्त्रियांसाठी दाईकामाचे शिक्षण सुरू केले. १९११ साली युरोपात जाऊन तेथील इस्पितळे पाहिली.

१९१२ साली मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्या नोंदवहीत हकीम व वैद्य यांना स्थान नव्हते. हकीम साहेबांनी त्यापूर्वीच, १९१० साली, दोघांना एका परिषदेत एकत्र आणले होते. सरकारकडे दाद मागतानाच त्यांनी आपले घरही सावरले. त्यांच्या दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात शरीररचना व शस्त्रक्रियाही शिकविली जाऊ लागली. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते या कॉलेजचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी हकीम साहेबांनी अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. १९२० साली स्थापन झालेल्या जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती होत.

वनौषधींची कसोटी प्रयोगशाळेत लागावी, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी जर्मनीत शिकलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांना त्यांनी बोलावले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम साहेब अल्लाहला प्यारे झाले. काम मात्र थांबले नाही. १९३१ साली सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले व त्यास ‘अजमलीन’ असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष ओळखण्यासाठी ते आजही वापरतात.

याच मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर काळजीपूर्वक पारखला आणि १९४९ साली तो जगापुढे मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसर्पीन’ निघाले. मात्र त्याने काही रुग्णांना उदासीनता येते, हेही अनुभवाने कळले. गुण आणि दोष दोन्ही कळले, ते तपासले म्हणूनच.

आज आवळा, हळद यांतील अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा फार बोलबाला आहे. पेशींची झीज रोखण्याचा गुण काचनळीत दिसला, म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. मात्रा ठरावी लागते, रुग्णांवर पडताळा घ्यावा लागतो. म्हणून पालकहो, कोणाच्या सांगण्यावरून मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी बंद करू नका. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आणि मुलामुलींनो, आजीच्या बटव्याला हसू नका. वनस्पतिशास्त्र शिका, रसायनशास्त्र शिका आणि त्या बटव्यातील मुळी तपासून पाहा. आपल्या माणसांचे ज्ञान जगाच्या कसोटीस उतरविणे, हीच हकीम साहेबांची खरी आठवण ठरेल. अल्लाह तआला तुम्हांस त्याची तौफीक देवो. आमीन.